पोकळ आणि तिरपी अक्षरे: एका देवनागरी फॉन्टचे सतरा महिने

जून २०२२ मध्ये कोल्हापुरातल्या एका हौशी नाट्यसंस्थेने मला जाहिरातीचे काम दिले. त्यांची मागणी साधी होती: नाटकाचे नाव सत्तरच्या दशकातल्या जाहिरातींसारखे दिसावे, म्हणजे अक्षरे जाड, पुढे झुकलेली आणि आतून पोकळ असावीत. मी बरीच वर्षे छपाईसाठी मांडणीचे काम करते, त्यामुळे हे दहा मिनिटांचे काम आहे असे मला वाटले. एक जाड फॉन्ट घेतला, तो तिरपा केला, आतला रंग काढून टाकला, कडेला रेघ दिली आणि नमुना छापून टेबलावर ठेवला. नाव पाच अक्षरांचे होते आणि त्यात चार जागी शिरोरेषेच्या आत उभ्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. प्रत्येक अक्षर आपली कड घेऊन शेजाऱ्यावर चढले होते आणि शब्दाऐवजी रेल्वेचे डबे जोडल्यासारखे दिसत होते.

त्या वेळी मी सगळी अक्षरे एकत्र वितळवून एकच आकार केला आणि वेळ मारून नेली. परंतु पुढच्या जाहिरातीत मजकूर बदलला की हाच खटाटोप पुन्हा करावा लागणार होता. असा फॉन्ट एकदाच करून ठेवावा, असे मी ठरवले ते त्या कंटाळ्यातून. फॉन्ट कसा करतात याची तेव्हा मला जुजबीच माहिती होती. त्यानंतर काम पूर्ण होईपर्यंत सतरा महिने गेले. या काळात मी कुठे अडले आणि किती खर्च झाला, ते क्रमाने लिहिते आहे. कामचलाऊ नाव म्हणून फाइलला ‘तिरपागडा’ असे म्हटले होते आणि शेवटी तेच नाव राहिले.

साधनांवर फार खर्च केला नाही. फॉन्ट बनवण्याचा फॉन्टफोर्ज आणि चित्रे काढण्याचा इंकस्केप हे दोन्ही प्रोग्राम मोफत मिळतात आणि माझ्या जुन्या संगणकावर ते चालले. चित्र काढण्यासाठी एक जुनी ग्राफिक टॅब्लेट ४,८०० रुपयांना घेतली. पहिले दोन महिने कागदावरच गेले. रोज रात्री जेवणानंतर एक अक्षर, आणि तेही बहुधा दुसऱ्या दिवशी खोडलेले.

पहिली अडचण तिरपेपणाची होती. रोमन लिपीत तिरप्या अक्षराला स्वतःची परंपरा आहे. १५०१ मध्ये व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतिउस याने फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेल्या तिरप्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांत, रोमन कवी व्हर्जिल छापला आणि ते वळण त्या काळच्या हस्ताक्षरातून आले होते. देवनागरीत अशी दुसरी छपाईची परंपरा नाही. आपल्याकडे ग्रंथात जोर द्यायचा तर ठळक टाइप किंवा अवतरणचिन्हे वापरतात. तिरपी अक्षरे लिहिली ती पेंटर मंडळींनी, टेम्पोच्या मागे, दुकानांच्या पाट्यांवर आणि कबड्डीच्या सामन्यांच्या बोर्डांवर, जिथे वेग दाखवायचा असे.

शिवाय दोन्ही लिप्या झुकतातही वेगवेगळ्या. रोमन अक्षर पायावर उभे असते, म्हणून ते तिरपे केले की डोके पुढे जाते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते, म्हणून ते तिरपे केले की पाय मागे सरकतात. ‘क’ किंवा ‘प’ यांना काना असल्यामुळे ते सावरतात. परंतु ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’ आणि ‘ळ’ ही अक्षरे आखूड मानेवर लोंबतात आणि १२ अंशांच्या कोनात ती वाऱ्याने हललेल्या घंटेसारखी दिसू लागली. या अक्षरांचा कोन मी पुढे हाताने कमी केला आणि पोटाचा गोल थोडा उजवीकडे ओढला. मोजून पाहिले तर ते चूक आहे, पण डोळ्याला बरोबर वाटते.

दुसरी चूक पूर्णपणे माझी होती आणि तिने तीन महिने खाल्ले. मी आधी सरळ अक्षरे काढली, त्यांना २६ एककांची सारखी कड दिली आणि मग सगळे तिरपे केले. (फॉन्टच्या चौकटीची उंची १,००० एकके धरतात, त्या मापाने २६.) तिरपे केल्यावर आडव्या रेघा तेवढ्याच जाडीच्या राहिल्या, पण ४५ अंशांच्या कर्णरेषा एका दिशेला २३ आणि दुसऱ्या दिशेला २९ एककांच्या झाल्या. आकड्यांत हा फरक किरकोळ वाटतो. परंतु पोकळ अक्षरात कड हेच अक्षर असते, त्यामुळे ‘र’चा पाय शेजारच्या रेघांपेक्षा काळा आणि जड दिसू लागला. ज्यांना असा फॉन्ट करायचा असेल त्यांनी आधी अक्षराचा सांगाडा तिरपा करावा, वळणे दुरुस्त करावीत आणि कड सर्वांत शेवटी द्यावी. सप्टेंबरमध्ये मी सुमारे दीडशे आकार टाकून दिले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

भिंतींचा प्रश्न मात्र तसाच होता आणि त्याचे उत्तर मला संगणकावर मिळाले नाही. कोल्हापुरात गंगावेशीजवळ एक वयस्कर पेंटर अजून ब्रशने बोर्ड रंगवतात. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी ते एका तालमीचा बोर्ड रंगवत होते आणि मी शेजारच्या पायरीवर बसून पाहत होते. खडू लावलेली दोरी ताणून त्यांनी दोन आडव्या रेघा उमटवल्या आणि ‘आखाडा’ हा शब्द पिवळ्या रंगात सलग भरून घेतला. रंग सुकेपर्यंत चहा झाला. मग त्यांनी बारीक ब्रश घेतला आणि ‘आ’च्या डाव्या टोकापासून निघून शिरोरेषेच्या वरून सरळ शेवटच्या कान्यापर्यंत लाल रेघ नेली. मध्ये ब्रश एकदाही थांबला नाही.

मी विचारले, “काका, तुम्ही प्रत्येक अक्षराला वेगळी आउटलाइन का नाही मारत?”

“पोरी, शब्द एका रेघेला टांगलाय न्हवं? मग आउटलाइन शब्दाला मारायची. अक्षराला मारलीस तर डबे दिसत्यात.”

डबे हा शब्द त्यांनी आपणहून वापरला. घरी येऊन मी माझा चार महिन्यांपूर्वीचा नमुना पुन्हा काढून पाहिला. मी प्रत्येक अक्षर स्वतंत्र पोकळ करत होते आणि पोकळ करायचा होता तो शब्द. पण फॉन्टला शब्द ठाऊक नसतो. फॉन्ट म्हणजे सुट्या आकारांची पेटी, आणि त्या सुट्या आकारांकडून सलग शब्दाची कड कशी काढून घ्यायची, हाच यापुढचा सगळा उद्योग होता.

पहिला उपाय जुना आहे. १९ व्या शतकात मोठ्या जाहिरातींसाठी लाकडी खिळ्यांच्या जोड्या असत. एका रंगात जाड अक्षर छापायचे आणि त्यावर दुसऱ्या रंगात त्याचेच बारीक रूप. मीही दोन फाइली केल्या. खालच्यात १२० एककांच्या जाडीची भरीव अक्षरे आणि वरच्यात ६८ एककांची. ओळ दोनदा टाकून एकीवर दुसरी ठेवली, खालची काळी आणि वरची पांढरी केली की भिंती नाहीशा होतात, कारण काळी अक्षरे काळ्यात मिसळतात आणि पांढरी पांढऱ्यात. दिवाळीच्या सुट्टीत हे जमले तेव्हा मला फार आनंद झाला आणि तो आठवडाभर टिकला. नाट्यसंस्थेतल्या एका मुलाने विचारले की जाहिरातीच्या पार्श्वभूमीला फोटो असेल तर पांढरा रंग कुठून आणायचा, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. ही अक्षरे पोकळ दिसत होती, प्रत्यक्षात ती आतून रंगवलेली होती. दोन्ही थर एकाच रंगीत फॉन्टमध्ये घालूनही पाहिले. तिथे अक्षरे एकामागून एक काढली जातात, त्यामुळे पुढच्या अक्षराचा काळा थर मागच्याच्या पांढऱ्यावर चढतो आणि भिंत परत येते.

शेवटी जे चालले ते असे. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा मी दोन्ही टोकांना उघडी ठेवली. म्हणजे वर एक बारीक रूळ, खाली एक बारीक रूळ आणि कडेला काहीच नाही. तिरपे करताना उंची बदलत नाही, त्यामुळे शेजारच्या अक्षराचे रूळ बरोबर समोरासमोर येतात. बारीक फट दिसू नये म्हणून ते दहा एकके एकमेकांत घुसवले. शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटाला झाकण लागते. त्यासाठी शेजारी अक्षर नसेल तर झाकणाचा आकार जोडावा, असा नियम फॉन्टच्या आत लिहिला. फॉन्टमधले असे नियम ‘फीचर’ नावाच्या गटांत लिहितात. हा नियम पहिल्यांदा मी भलत्या फीचरमध्ये टाकला. तिथे त्याला स्वतःच्या अक्षरापलीकडचे काही दिसत नव्हते आणि प्रत्येक अक्षराला दोन्हीकडून झाकणे बसली. आजूबाजूचे संदर्भ पाहणाऱ्या ‘कॅल्ट’ नावाच्या फीचरमध्ये तो हलवल्यावर जानेवारी २०२३ मध्ये ‘आखाडा’ हा शब्द पहिल्यांदा एका सलग कडेत उमटला. रात्रीचा एक वाजला होता आणि दाखवायला घरात कोणी जागे नव्हते.

यानंतर मात्रा. साध्या फॉन्टमध्ये ‘के’ लिहिताना ‘क’वर मात्रा नुसती आणून ठेवली की भागते. पोकळ फॉन्टमध्ये मात्रा जिथे शिरोरेषेला टेकते तिथे वरचा रूळ फोडावा लागतो, नाहीतर मात्रा आणि अक्षर यांच्यामध्ये एक आडवी भिंत राहते. म्हणून प्रत्येक व्यंजनाचे छप्पर उघडे असलेले दुसरे रूप काढले, आणि पुढे मात्रा किंवा रफार आला की तेच रूप बसेल असे केले. हे करताना मला खिळ्यांच्या छपाईतल्या दोन पद्धतींची आठवण झाली. अखंड टाइपात मात्रेसकट अक्षर एकसंध ओतलेले असे, आणि डिग्री पद्धतीत मात्रा वेगळ्या खिळ्याने वर येत असे. मी निघाले होते डिग्रीच्या सोयीने आणि पोचले अखंडाच्या दारात. सुरुवातीला ४१२ आकारांची यादी केली होती ती ७६३ वर गेली.

मात्रांच्या जागांचे गणितही तिरपेपणामुळे बदलते. शिरोरेषा पायापासून ६४० एककांवर असेल तर १२ अंशांच्या कोनात तिथल्या प्रत्येक खुणेची जागा १३६ एकके उजवीकडे सरकते. हे मी सुरुवातीला केले नव्हते आणि ‘कीर्ती’तला रफार अलीकडच्या अक्षरावर जाऊन बसला होता. वेलांटी आणि रफार एकत्र आले की ते एकमेकांना भिडतात, म्हणून त्यांचा जोड आकार स्वतंत्र काढावा लागला. ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ यांतला आडवा रफार मराठीत टाळता येत नाही, तो विसरू नये. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासननिर्णयाप्रमाणे पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणे मी मूळ रूपे म्हणून ठेवली आणि हिंदी वळणे पर्यायी दिली. ‘ॲ’सुद्धा आठवणीने काढावा, कारण पाट्यांवर ॲक्वागार्डपासून ॲकॅडमीपर्यंत तो सगळीकडे लागतो.

उकारांच्या बाबतीत मी माघार घेतली. खालूनही अक्षरे फोडायची तर आकारांची संख्या पुन्हा दुप्पट झाली असती. त्यामुळे उकार अक्षरापासून थोडे सुटे ठेवले आणि दोघांच्या कडा बंद केल्या. जुन्या पाट्यांवर असे सुटे उकार मी पाहिले आहेत. आज मला ते आवडतात, पण निर्णय आळसातून झाला हे खरे आहे. अनुस्वार मात्र विचार करून भरीव ठेवला. पोकळ टिंब छापून पेंटरकाकांना दाखवले होते तेव्हा ते म्हणाले, “वर शून्य कशाला काढलंस?” विषय तिथेच संपला.

मे २०२३ मध्ये पहिली खरी चाचणी झाली ती रेडियमवाल्याच्या दुकानात. एका कबड्डी संघाची नावे टी-शर्टांवर हवी होती. कटिंगचे यंत्र अक्षर पाहत नाही, ते फाइलमधली प्रत्येक रेघ कापत जाते. दहा एकके एकमेकांत घुसवलेले माझे रूळ पडद्यावर एकसंध दिसत होते. यंत्राने मात्र ते प्रत्येक सांध्यावर कापले आणि सोलताना शिरोरेषेचे तुकडे सुटे निघाले. दुकानदाराने न बोलता एक तुकडा बोटावर चिकटवून माझ्यासमोर धरला. अशा कामासाठी मजकूर आधी आकारात बदलावा आणि सगळे जोडून एक करावे. कोरल ड्रॉ या प्रोग्राममध्ये त्याला ‘वेल्ड’ म्हणतात. दुसरे असे की सोलता येईल अशी कड हवी असेल तर ती किमान ३ मिलिमीटर असावी, म्हणजे या फॉन्टसाठी अक्षराचे माप साधारण ११५ मिलिमीटर लागते. त्यापेक्षा लहान नावे आम्ही स्क्रीन प्रिंटिंगने केली. कापडावर एक पॉइंटापेक्षा बारीक रेघ भरवशाची नसते, म्हणून ४० पॉइंटाखाली हा फॉन्ट वापरू नये. परिच्छेदासाठी तर तो नाहीच. दोन-तीन शब्दांच्या मथळ्यापुढे डोळा थकतो.

आणखी एक सूचना करते, कारण याबद्दल मला सर्वांत जास्त विचारणा होते. इनडिझाइन या मांडणीच्या प्रोग्राममध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड रेडी कंपोझर’ निवडलेला नसेल तर वेलांट्या जागा सोडतात आणि वरचे कोणतेही नियम चालत नाहीत. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी नीट बसतच नाही. फॉन्टमध्ये दोष आहे असे समजून मी स्वतः दोन रात्री घालवल्या आहेत.

आता कागदपत्रांचा भाग. अक्षरांची चित्रे कलाकृती म्हणून नोंदवावीत असा विचार करून जुलै २०२३ मध्ये मी कॉपीराइटचा ऑनलाइन अर्ज केला आणि ५०० रुपये शुल्क भरले. अर्जाचा नोंद क्रमांक, म्हणजे डायरी क्रमांक, लगेच मिळाला. त्यानंतर कोणाला हरकत घ्यायची असल्यास त्यासाठी नियमाप्रमाणे ३० दिवस थांबावे लागते. पुढे त्रुटीचे पत्र आले आणि मी करायला हवे होते ते वाचन तेव्हा केले. भारतात अक्षरवळणाला कलाकृती म्हणून संरक्षण मिळत नाही, असा निर्णय कॉपीराइट बोर्डाने २००२ मध्येच दिला होता आणि योगायोगाने ते प्रकरणही ‘आनंद एक्सपांडेड इटॅलिक्स’ या तिरप्या अक्षरांचेच होते. फॉन्टची फाइल मात्र संगणक प्रोग्राम म्हणून नोंदवता येते. म्हणून पुन्हा फॉर्म १४, पुन्हा ५०० रुपये. प्रोग्रामसाठी सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पाने द्यावी लागतात. फॉन्टफोर्जची मूळ फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात असते, तिचीच पाने मी जोडली. अक्षरे काढण्यात घालवलेले वर्ष आकड्यांच्या त्या वीस पानांत पाहताना थोडे विचित्र वाटले. ज्यांना वळणाचेच संरक्षण हवे असेल त्यांनी डिझाइन कायद्याखालच्या नोंदणीची चौकशी करावी, त्यात छपाईच्या अक्षरवळणांसाठी वेगळा वर्ग आहे. मी त्या वाटेने गेले नाही.

फॉन्ट विकायचा की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. अखेर तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली दिला. त्यानुसार कोणीही तो वापरू शकतो आणि त्यात बदल करू शकतो, फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही आणि बदललेला फॉन्टही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. मोफतच द्यायचे तर नोंदणी कशाला, असे काहींनी विचारले. हा परवानाही कॉपीराइटवरच उभा असतो आणि काम कधी व कोणी केले याचा एक कागद जवळ असावा, एवढाच माझा हेतू होता.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली आवृत्ती बाहेर पडली. टॅब्लेट, छपाईचे नमुने सुमारे ६,००० रुपये, रेडियम १,१५०, स्क्रीनच्या चाचण्या १,८०० आणि दोन अर्जांचे १,००० धरून एकूण खर्च १४,७५० रुपये झाला. याशिवाय त्या वर्षी मी एक मोठे काम सोडले, त्याचा हिशेब धरलेला नाही.

छापलेले टी-शर्ट मी पेंटरकाकांना दाखवायला नेले होते. त्यांनी चष्मा पुसला, कापड हातभर लांब धरले, शिरोरेषेवरून अंगठा फिरवला आणि कुठे सांधा लागतो का ते पाहिले. मग एका खेळाडूच्या आडनावावर बोट ठेवून म्हणाले, “ह्यो ‘ळ’ अजून पडायलाय बघ.” मी तो १२ अंशांवरून १० वर आणला होता. घरी येऊन मोठा करून पाहिला तर खरेच डावा गोल उजव्यापेक्षा खाली उतरला होता. १.१ आवृत्तीत ‘ळ’चा कोन ८ अंश केला आहे आणि दोन्ही गोलांची तळरेषा सारखी केली आहे. ज्यांनी आधीची फाइल घेतली असेल त्यांनी नवी बसवण्यापूर्वी जुनी काढून टाकावी, नाहीतर संगणक जुनाच ‘ळ’ दाखवत राहतो.